तहान लागल्यावर विहीर खणताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

माझी सगळी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, बांधकामांवर गेली. शाळाखोल्या, लहान पूल, पाण्याच्या टाक्या, दवाखान्यांच्या इमारती अशी ती कामं. या तीस-बत्तीस वर्षांत लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच होता, "साहेब, काम कधी होणार?" आणि वरिष्ठांनी सर्वांत जास्त वेळा दिलेला हुकूमही एकच होता, "बाकी काही सांगू नका, तारखेच्या आत झालं पाहिजे." तो प्रश्न आणि हा हुकूम यांच्या मधे जो माणूस उभा असतो, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे.

हा माणूस इंजिनिअरच असतो असं नाही. मुलीचं लग्न काढलेला बाप असतो, मृगाच्या आत घरावर पत्रे टाकायला निघालेला शेतकरी असतो, दिवाळीच्या आधी दुकान उघडायचं म्हणून धडपडणारा तरुण असतो. काम मोठं, दिवस थोडे. अशा वेळी दिवस कुठून काढायचे, किती काढायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे कळलं तर निम्मी धावपळ वाचते. न कळलं तर काय होतं, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून आधी तीच सांगतो.

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या सभागृहाचं काम माझ्याकडे होतं. काम वेळेवर चाललं होतं. अचानक निरोप आला की पाहुण्यांच्या दौऱ्यात बदल झाला आहे, उद्घाटन दहा दिवस अलीकडे घ्या. स्लॅब नुकताच पडलेला. खालच्या बाजूचं प्लॅस्टर आणि रंग करायचा तर सेंट्रिंग काढणं भाग होतं. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू चौदा दिवस, त्याहून लांब बीमखालचे एकवीस दिवस ठेवायचे, हा नियम मला पाठ होता. मी नवव्या दिवशी टेकू काढायला सांगितले. आमचे मिस्त्री म्हातारे होते. ते म्हणाले, "साहेब, अजून आठ दिवस तरी टेकू राहू द्या. सिमिटाला आपली घाई कळत न्हाई." मी म्हणालो, "मामा, तारीख माझ्या हातात नाही." त्यांनी मान खाली घातली आणि पोरांना हाक मारली.

उद्घाटन थाटात झालं. फोटो निघाले. तीन आठवड्यांनी मधल्या बीमला खालून भेगा दिसल्या आणि स्लॅब मधोमध किंचित बसल्यासारखा वाटायला लागला. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण सभागृहाला कुलूप लागलं. परत टेकू लावले, तपासणी झाली, दुरुस्ती झाली. मुलं तोवर पत्र्याच्या शेडमध्ये बसली. सभागृह पुन्हा उघडलं तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. हेडमास्तर मला एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही दहा दिवस वाचवलेत, पोरांचे आठ महिने गेले." या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

श्रोतेहो, चूक घाई करण्यात नव्हती. घाई करावीच लागते. मी घाई चुकीच्या जागी केली. काँक्रीट ओतून माणसं घरी गेली की आपल्याला वाटतं, आता काम थांबलं. खरं तर सिमेंटचं काम आपण निघून गेल्यावर सुरू होतं. त्याला पाणी लागतं आणि दिवस लागतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि पूर्ण ताकदीची पारख अठ्ठाविसाव्या दिवशी करतात. हे थांबणं म्हणजेच काम. मी रिकामे दिवस समजून नेमके तेच कापले. त्याऐवजी समारंभ पटांगणात मंडप टाकून घेता आला असता. आतलं प्लॅस्टर मागाहून झालं असतं. पण त्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसायचं मला सुचलं नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसायचं म्हणजे काय करायचं? एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा लग्नाची तिथी पंधरा दिवसांवर आली आहे. पाहुण्यांची यादी करायला तीन दिवस, पत्रिका छापायला चार दिवस आणि गावोगाव वाटायला दहा दिवस लागतात. ही तिन्ही कामं एकामागून एकच होणार, कारण यादीशिवाय किती छापायच्या ते कळत नाही आणि छापल्याशिवाय वाटता येत नाहीत. म्हणजे झाले सतरा दिवस. दुसरीकडे बस्ता एक दिवस आणि कपडे शिवायला चौदा, असे पंधरा. मंडपाला दोन दिवस. पत्रिका, कपडे आणि मंडप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. मग सगळं मिळून किती दिवस लागतील? सर्वांची बेरीज करायची नाही. सर्वांत लांब साखळी जेवढी, तेवढे दिवस. म्हणजे सतरा.

आपल्याकडे पंधराच आहेत. अशा वेळी घरात काय होतं? मंडपवाल्याला फोन जातो, "दोन दिवस कशाला, एका दिवसात उभा करा." त्याला जास्तीचे पैसेही दिले जातात. त्यातून लग्नाच्या तयारीचा एक तासही वाचत नाही, कारण मंडप त्या लांब साखळीत नाहीच. दिवस काढायचे तर पत्रिकांच्या साखळीतूनच काढावे लागतील. दोघा भावांनी गावं वाटून घेतली, एक लातूरकडे गेला आणि एक नांदेडकडे, तर दहा दिवसांचं वाटप पाच दिवसांत होतं. पत्रिकांची साखळी सतरावरून बारावर आली.

मग तयारी बारा दिवसांत झाली का? नाही. आता कपड्यांची साखळी सर्वांत लांब झाली, पंधरा दिवसांची. आपण पाच दिवस कमी केले, पण हाती दोनच आले. आणखी दिवस काढायचे असतील तर आता शिंप्याकडे जायला पाहिजे, भावांना आणखी पळवून उपयोग नाही. शिवाय आधी शिंप्याला दोन दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं. आता ती सवड संपली. शिंप्याला ताप आला तर थेट लग्नाची तयारी अडते. काम जेवढं आवळावं, तेवढ्या या सवडी संपत जातात आणि लहानशी अडचणही मोठी होते.

हा हिशेब हुशार गृहिणी पिढ्यान् पिढ्या मनातल्या मनात करत आली आहे. कुकर आधी लावायचा आणि शिट्या होईपर्यंत कणीक मळायची, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. त्याचं शास्त्र मात्र १९५७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालं. ड्यू पॉन्ट ही रसायनांची कंपनी आणि रेमिंग्टन रँड ही संगणक बनवणारी कंपनी, यांतल्या मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली या दोघांनी कारखान्याच्या कामांसाठी ही पद्धत बांधली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिच्या जवळची दुसरी पद्धत काढली. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. आपण तिला लांब साखळीच म्हणू.

आता आपल्या मराठवाड्यातलं, सर्वांच्या आठवणीतलं एक उदाहरण घेऊ. "तहान लागल्यावर विहीर खणणे" ही म्हण आपण एखाद्याला बोल लावताना वापरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरावर अक्षरशः ती वेळ आली होती. पावसाने आधी दगा दिला होता. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. पावसाळा अजून अडीच-तीन महिने दूर. तारीख कोणी ठरवलेली नव्हती, पण रोज सकाळी रिकामी घागर तीच तारीख सांगत होती. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं.

या कामात किती साखळ्या होत्या ते पाहा. पहिली डब्यांची. पिण्याचं पाणी वाहायचं तर टाकीचे डबे आतून स्वच्छ पाहिजेत. हे डबे राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन तयार झाले आणि तिथून मिरजेला आले. दुसरी साखळी भरण्याची. कृष्णेचं पाणी मिरजेत रेल्वेच्या यार्डापर्यंत आणून, पन्नास डबे एका दमात भरता येतील अशी नवी पाइपलाइन टाकायची होती. तिसरी साखळी लातूरला उतरवण्याची. गाडी आली तरी लाखो लिटर पाणी घ्यायचं कशात? त्यासाठी स्थानकाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी उतरवून तिथून पुढे शुद्धीकरणाला नेण्याची सोय उभी करायची होती. तिन्ही कामं तीन ठिकाणी, तीन वेगळ्या यंत्रणांकडे. एक संपल्यावर दुसरं घेतलं असतं तर पावसाळाच उजाडला असता. ती एकाच वेळी चालवली. दिवस वाचवण्याचा पहिला मार्ग हाच. जी कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, ती एकमेकांसाठी थांबवायची नाहीत.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. मिरजेची पाइपलाइन ही त्यातली लांब साखळी होती. ती पूर्ण होईपर्यंत पन्नास डब्यांची गाडी भरता येणार नव्हती. म्हणून पन्नास डब्यांची वाट पाहिलीच नाही. मिरजेच्या स्थानकावर जी व्यवस्था होती, तिच्यातूनच दहा डबे भरले. ११ एप्रिलला ती गाडी मिरजेहून निघाली आणि ३४२ किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलच्या पहाटे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पन्नास डब्यांची, पंचवीस लाख लिटरची गाडी आली ती २० एप्रिलला. सगळी व्यवस्था पूर्ण झाल्यावरच गाडी सोडू, असं म्हटलं असतं तर लातूरला आणखी आठ दिवस थांबावं लागलं असतं. तहानलेल्या गावात आठ दिवस म्हणजे काय, ते लातूरकरांना विचारा. वेळ कमी करण्याचा हा दुसरा मार्ग. सगळं काम तारखेला पूर्ण होत नसेल, तर ज्याने गरज भागायला सुरुवात होईल तो तुकडा आधी द्यायचा आणि उरलेलं मागून आणायचं.

पुढे या गाडीच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. "जलदूत" हे तिचं नाव घरोघर पोहोचलं. पण हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर हेही सांगितलं पाहिजे. सुमारे पाच लाख लोकांचं शहर धरलं, तर पहिल्या गाडीने माणशी एक लिटर पाणी आणलं, आणि पन्नास डब्यांच्या गाडीने माणशी पाच लिटर. म्हणजे पिण्यापुरतं, तेही जपून. अंघोळ, धुणं, भांडी, गुरंढोरं हे सगळं त्याच्या बाहेर. टँकर, विंधन विहिरी, स्वयंसेवी संस्था यांच्या जोडीनेच शहराने तो उन्हाळा काढला. घाईने केलेल्या कामातून आधार मिळतो, भरपूर मिळत नाही. आणि त्याला पैसा, इंधन आणि माणसांची झोप ही किंमत पडते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ही गाडी इतक्या थोड्या दिवसांत सुरू झाली, कारण सर्वांत लांब काम आधीच होऊन गेलेलं होतं. मिरज-कुर्डूवाडी-लातूर हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली कुर्डूवाडी ते बार्शी ती सुरू झाली, पुढे लातूरपर्यंत वाढली आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. पण ती नॅरोगेज, अडीच फुटी रुळांची. जुन्या लोकांना ती डुलत डुलत जाणारी छोटी गाडी आठवत असेल. त्या रुळांवरून टाकीच्या डब्यांची ही मोठी गाडी जाऊच शकली नसती. तो मार्ग ब्रॉडगेज व्हायला बरीच वर्षं लागली. पंढरपूर-मिरज हा शेवटचा मोठा तुकडा २०११ च्या सुमारास पूर्ण झाला. ते काम करणाऱ्यांच्या मनात पाण्याची गाडी नव्हती. तरी त्यांच्या त्या संथ, वर्षानुवर्षं चाललेल्या कामामुळेच २०१६ ची धावपळ शक्य झाली. कोणत्याही झटपट यशाखाली असं एखादं जुनं, सावकाश झालेलं काम दडलेलं असतं.

आता लातूरहून नांदेडला येऊ. लातूरची तहान अचानक आली होती. नांदेडला २००८ साली आलेली तारीख मात्र तीनशे वर्षं आधीच ठरलेली होती. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडमध्ये गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिलं. त्याला ऑक्टोबर २००८ मध्ये तीनशे वर्षं पूर्ण होत होती. गुरु-ता-गद्दीच्या त्या सोहळ्याला देशपरदेशांतून लाखो भाविक येणार, हे स्पष्ट होतं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारचं नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं आणि त्यात नांदेडचा समावेश झाला. तिथून सोहळ्यापर्यंत हातात तीन वर्षंही नव्हती. त्यात तीन पावसाळे. खोदकामाच्या दृष्टीने प्रत्येकी चार महिने वजा केले तर वर्षभराचा काळ तिथेच गेला. आणि कामं किती? रस्ते, जलवाहिन्या, मलनिस्सारण, गोदावरीचे घाट, विमानतळ, गरिबांसाठी घरं.

नांदेडकरांना ते दिवस आठवत असतील. जिकडे पाहावं तिकडे शहर खोदलेलं. लोक वैतागत होते, आणि ते साहजिक होतं. पण एक रस्ता संपल्यावर दुसरा उकरायला वेळच नव्हता. इथे समांतर कामाचा धोका लक्षात घ्यावा लागतो. सगळीच कामं एकाच वेळी करता येत नाहीत. आधी गटार आणि पाण्याचा पाइप, मग रस्ता, हा क्रम कोणालाही मोडता येत नाही. तो मोडला तर नवा डांबरी रस्ता महिन्याभरात पुन्हा फोडावा लागतो, आणि असे रस्ते आपण प्रत्येक गावात पाहिले आहेत. घाईत क्रम मोडला की काम दोनदा करावं लागतं, आणि दोनदा करण्याइतका वेळ तर मुळातच नसतो.

नांदेडच्या कामांतून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्या कामांशिवाय सोहळा झालाच नसता ती आधी घ्यावी लागली. घरकुलांसारखी काही कामं सोहळ्यानंतरही पुढची काही वर्षं चालू राहिली. तारीख हलत नसेल आणि सगळं बसत नसेल, तर काय आज आणि काय उद्या, हे आधीच ठरवून उघडपणे सांगायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी आपण ते सांगत नाही. सगळंच होणार म्हणून बसतो आणि शेवटच्या आठवड्यात जे राहील ते राहील. तेव्हा काय राहणार हे आपण ठरवत नाही, नशीब ठरवतं. ज्याचं घरकुल पुढे ढकललं जातं, त्याला ते आधी कळण्याचा हक्क आहे.

तिसरा मार्ग सर्वांना सुचतो तो म्हणजे माणसं वाढवणं. वाटपाला एकाऐवजी दोन भाऊ लावले तर वेळ निम्मा झाला, हे आपण पाहिलं. पण एका तव्याजवळ चार जणी बसवल्या तर भाकरी चौपट वेगाने होत नाहीत, एकमेकींचे हात मात्र भाजतात. आयबीएम कंपनीत संगणकाच्या मोठ्या प्रणालीचं काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली "द मिथिकल मॅन-मन्थ" हे पुस्तक लिहिलं. त्यांचा अनुभव असा की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर ऐनवेळी नवी माणसं टाकली तर ते आणखी रखडतं. कारण नव्यांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो. बांधकामावर मी हेच पाहिलं. खडी उचलायला, माती काढायला माणसं वाढवा, काम पुढे सरकतं. पण शेवटच्या आठवड्यात नवीन गवंडी आणलेत तर त्यांना ओळंबा कुठे धरायचा इथपासून सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस तर एकच असतो. माणसं वाढवायची असतील तर सुरुवातीला वाढवा.

म्हणजे मार्ग तीन झाले. स्वतंत्र कामं एकाच वेळी चालवणं, काम तुकड्यांनी देणं आणि योग्य जागी, योग्य वेळी माणसं आणि पैसा वाढवणं. आता कशाला हात लावायचा नाही ते पाहू. सिमेंटच्या दिवसांना नाही, हे सांगून झालं. आणखी एक काम असं आहे की जे घाईत सर्वांत आधी कापलं जातं. ते म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांना विचारणं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीची रात्र सरली होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारला काही मिनिटं बाकी असताना किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसं मातीच्या आणि दगडांच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत पुनर्वसनाचं जे काम झालं, ते आपल्या देशातल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. आधी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत लोकांची सोय झाली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. देशभरातून मदत आली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. लोक उघड्यावर होते, तेव्हा घाई करणं हेच कर्तव्य होतं. त्या घाईला कोणी नावं ठेवू नयेत.

तरी नव्या गावांत हिंडताना एक गोष्ट जाणवायची. रस्ते रुंद आणि सरळ, घरं ओळीने, शहरातल्या कॉलनीसारखी. पण जुन्या गावातली गल्ली, ओसरी, वाड्याच्या आतला गोठा, शेजारणीशी बोलायची भिंत, हे आराखड्यात कुठे नव्हतं. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा? लोकांनी पुढे आपापल्या सोयीने घरं वाढवली, बदलली, आडोसे केले. दुसरीकडे, जिथे गावं हलवली नाहीत आणि घरमालकानेच आपलं घर दुरुस्त करायचं होतं, तिथे त्याला मदत आणि तांत्रिक सल्ला दिला गेला. तिथे घर कसं हवं हे ठरवणारा माणूस तिथेच राहणारा होता. विचारायला लागणारे पंधरा दिवस कागदावर वाया गेल्यासारखे दिसतात. पण ते कापले तर तेच काम लोक पुढची पंधरा वर्षं स्वतःच्या पैशाने करत राहतात.

श्रोतेहो, आता तुमच्या कामापुरतं थोडक्यात सांगतो. पुढच्या वेळी तारीख जवळ आली आणि जीव घाबरा झाला, तर लगेच फोन उचलू नका. एक कागद घ्या. कामं लिहा, प्रत्येकापुढे दिवस लिहा. कोणतं काम कोणाशिवाय सुरू होत नाही ते बाणाने दाखवा. सर्वांत लांब साखळी शोधा आणि दिवस तिच्यातूनच काढा. प्रत्येक वेळी काही दिवस काढले की पुन्हा पाहा, आता लांब साखळी बदलली का. ज्या कामांना वाट पाहावीच लागते, सिमेंट सुकणं, बियाणं उगवणं, माणसाचं मन तयार होणं, त्यांच्याभोवती लाल रेघ ओढा. एवढं करूनही बसत नसेल, तर वरिष्ठ असोत की घरातले वडीलधारे, त्यांना तो कागद दाखवा आणि विचारा, "यातलं काय नंतर केलं तर चालेल?" माझा अनुभव असा आहे की हुकूम देणारा माणूस शब्दाला जुमानत नाही, पण कागदावरच्या बाणांपुढे तोही थोडा थांबतो. निदान नवव्या दिवशी माझ्या हातात असा कागद असता, तर मी एकदा विचारून पाहिलं असतं.

त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला. मांजरा धरण भरलं, आणि पाण्याची गाडी लोकांच्या आठवणीत जमा झाली. अशी आठवण जपताना तिच्यातलं कौतुक राहतं आणि हिशेब विसरतो. तहान लागल्यावर विहीर खणावीच लागते, आणि लातूरच्या बाबतीत ती चांगली खणली गेली. पण तळी उपसणं, बांध घालणं, गळके पाइप बदलणं, छपरावरचं पाणी जमिनीत मुरवणं, या लांब साखळ्या आहेत. त्या कितीही पैसे ओतले तरी एप्रिलमध्ये आवळता येत नाहीत. त्या सुरू करायची वेळ धरण भरलेलं असतानाची असते, जेव्हा कोणालाच घाई नसते.

ते सभागृह आजही उभं आहे. त्या गावावरून जायचा योग आला तर मी आत डोकावतो आणि आधी वर पाहतो. मिस्त्री आता नाहीत. त्यांचं वाक्य मात्र मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो, आणि आज तुम्हालाही सांगितलं. सिमेंटाला आपली घाई कळत नाही.